कोड लिहिणाऱ्या यंत्राला ताजे दस्तऐवज : स्वेल्ट फ्रेमवर्कच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय आज्ञावली लिहिण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साहाय्यकांच्या मदतीने होऊ लागले आहे. हे साहाय्यक ज्या भाषा-मॉडेलवर चालतात, त्याचे प्रशिक्षण एका विशिष्ट काळापर्यंतच्या मजकुरावर झालेले असते. वेब फ्रेमवर्क मात्र त्या काळापाशी थांबत नाही. यावर उपाय म्हणून फ्रेमवर्कचे अद्ययावत दस्तऐवज, म्हणजेच अधिकृत डॉक्युमेंटेशन, साहाय्यकापुढे ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. ताजे दस्तऐवज आवश्यक आहेत, परंतु पुरेसे नाहीत. आणि ते लिहिणाऱ्या माणसाचा विचार केल्याशिवाय ही पद्धत टिकणार नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

१. समस्येचे स्वरूप

रिच हॅरिस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले 'स्वेल्ट' हे फ्रेमवर्क या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत घटकाच्या वरच्या पातळीवर 'लेट' या शब्दाने साधे चल घोषित केले, की त्याचे मूल्य बदलताच पडद्यावरील मजकूर आपोआप बदलत असे. एका मूल्यावरून दुसरे मूल्य काढावयाचे असल्यास ओळीच्या आरंभी डॉलरचे चिन्ह व अपूर्णविराम दिला जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि हे व्याकरणच बदलले. 'रून्स' नावाची, डॉलर चिन्हाने सुरू होणारी 'स्टेट', 'डिराइव्ड', 'प्रॉप्स' अशी स्पष्ट पदे आली.

२०१९ ते २०२४ या काळातील लेख, प्रश्नोत्तरे व सार्वजनिक कोड जुन्या व्याकरणात आहेत. भाषा-मॉडेल प्रामुख्याने वारंवारतेने शिकते. कोणते विधान केव्हाचे, याची जाण त्याला क्वचितच असते. त्यामुळे बहुमत जुन्याचे होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पाचवी आवृत्ती जुने व्याकरणही बहुतांशी चालवून घेते. म्हणजे साहाय्यकाने कालबाह्य पद्धतीने लिहिलेला घटक चालतो, आणि चालतो म्हणूनच दोष दिसत नाही. मात्र एकाच घटकात रून्स आणि जुनी 'एक्स्पोर्ट लेट' पद्धत एकत्र आली, की कंपायलर तो घटक नाकारतो. अर्धवट ताजेपणा हा संपूर्ण जुनेपणापेक्षा अधिक अडचणीचा ठरतो तो असा.

२. योजलेले उपाय

सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी 'एलएलएम्स.टीएक्सटी' ही कल्पना मांडली. संकेतस्थळाने भाषा-मॉडेलसाठी साध्या मजकुरात एक मार्गदर्शक फाइल ठेवावी, असे तिचे स्वरूप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. त्याद्वारे साहाय्यकास बाहेरील साधनांकडून हवी ती माहिती मागविता येते. स्वेल्टच्या चमूने दोन्ही मार्ग स्वीकारले. प्रथम दस्तऐवजांच्या संपूर्ण, मध्यम व लघु अशा फाइली दिल्या. पुढे स्वतःचा सर्व्हर उभा केला, ज्यातून साहाय्यक आधी प्रकरणांची यादी पाहतो, मग आवश्यक तेवढी प्रकरणे मागवितो.

३. चिकित्सा

(अ) प्रमाण : सर्व दस्तऐवज एकदम पुढे ठेवले म्हणजे सर्व वाचले गेले, असे होत नाही. 'लॉस्ट इन द मिडल' या नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घ मजकुराच्या आरंभी व शेवटी असलेली माहिती मॉडेल चांगली वापरते, मधली मात्र निसटते, असे आढळले. म्हणून संक्षेप करणे भाग पडते. परंतु संक्षेप करताना कृती टिकते आणि कारणमीमांसा गळण्याचा संभव असतो. 'असे लिहा' हे उरते. 'असे का लिहावे' हे जाते.

(आ) योग्यता : ताजे ते योग्य, हे समीकरण नेहमीच खरे नसते. 'नेक्स्ट जेएस' या फ्रेमवर्कच्या पंधराव्या आवृत्तीत (ऑक्टोबर २०२४) कुकीज वाचण्याची क्रिया प्रतीक्षा करावयाची, म्हणजे असमकालिक, केली गेली. चौदाव्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रकल्पास पंधराव्या आवृत्तीचे दस्तऐवज देणे हीही चूकच होय. निकष ताजेपणाचा नसून आवृत्तीशी असलेल्या मेळाचा असावा.

(इ) उपयोग : याच फ्रेमवर्कची निर्माती कंपनी व्हर्सेल हिने जानेवारी २०२६ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. दस्तऐवजांविना यशाचे प्रमाण ५३ टक्के होते. गरज वाटल्यास साहाय्यकाने स्वतः उघडावा असा संच दिला, तरी ते ५३ टक्केच राहिले. कारण ५६ टक्के वेळा संच उघडलाच गेला नाही. तो उघडण्याची स्पष्ट सूचना दिल्यावर प्रमाण ७९ टक्के झाले. दस्तऐवजांची सुमारे ८ किलोबाइटची अनुक्रमणिका कायम समोर ठेवल्यावर ते १०० टक्के झाले. ही चाचणी कंपनीने स्वतःच्याच फ्रेमवर्कवर घेतलेली आहे, म्हणून आकडे सर्वत्र लागू करता येणार नाहीत. तरीही दस्तऐवज उपलब्ध असणे आणि वापरले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते.

(ई) पडताळणी : स्वेल्टच्या सर्व्हरमध्ये दस्तऐवजांसोबत, लिहिलेला कोड तपासून दोष दाखविणारे साधनही आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या योजनेतील हा सर्वांत प्रामाणिक भाग होय. शुद्धिपत्र हाती दिले तरी जुनी चूक पुन्हा होईल, हे त्यात गृहीत धरले आहे. मात्र या साधनाचा आवाका व्याकरण व काही सर्वसामान्य गैरवापर एवढाच आहे. कोणती माहिती सर्व्हरवरच राहू द्यावी आणि कोणती ब्राउझरकडे पाठवावी, हा निर्णय कोणतेही शुद्धिपत्र देत नाही.

४. लिहिणाऱ्याचा प्रश्न

या पद्धतीची सर्वांत गंभीर बाजू आर्थिक आहे. 'टेलविंड' या सीएसएस फ्रेमवर्कसाठीही 'एलएलएम्स.टीएक्सटी' द्यावी, अशी सूचना आली असता त्याचे निर्माते ॲडम वॉथन यांनी जानेवारी २०२६ मध्ये ती स्वीकारण्यास नकार दिला. फ्रेमवर्कचा वापर वाढत असूनही दस्तऐवजांचे वाचक २०२३ च्या आरंभाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घटले, उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी घसरले आणि चार अभियंत्यांपैकी तिघांना कमी करावे लागले, असे त्यांनी सांगितले. दस्तऐवज वाचावयास येणारा माणूसच पुढे कंपनीच्या सशुल्क उत्पादनांचा ग्राहक होत असे. यंत्र वाचते, पण विकत घेत नाही. या वृत्तानंतर काही कंपन्यांनी साहाय्य देऊ केले. तथापि साहाय्य म्हणजे व्यवस्था नव्हे. जो वाचक नाहीसा झाल्याने दस्तऐवज लिहिणे परवडेनासे होते, त्यालाच दूर करणारी पद्धत अखेर स्वतःच्याच मुळावर येते.

५. अध्यापनाच्या दृष्टीने

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने साहाय्यक वापरू नये, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. परंतु प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनात केवळ चालणारा कोड पुरेसा मानू नये. प्रकल्प कोणत्या आवृत्तीवर आहे, साहाय्यकास कोणती प्रकरणे दिली आणि त्याच्या उत्तरातील कोणती ओळ कोणत्या प्रकरणाशी जुळते, हे विद्यार्थ्यास सांगता यावे. त्यासाठी त्याने ते प्रकरण स्वतः वाचलेले असावे लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ताज्या दस्तऐवजांमुळे यंत्राची भाषा सुधारते. त्याच्या निर्णयाची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहते. आवृत्तीशी मेळ, नेमकी निवड आणि नंतरची तपासणी या तीन गोष्टी साधल्या, तर ही पद्धत उपकारक आहे. त्याचबरोबर दस्तऐवजांचा पहिला वाचक माणूसच राहिला पाहिजे. तो राहिला नाही, तर यंत्रापुढे ठेवण्यासाठी ताजे असे काही लिहिले जाणार नाही.