नदीचें व्यक्तित्व : दोन लेखांचें परीक्षण

ता. २० मार्च २०१७ रोजीं दोन निरनिराळ्या देशांत दोन लेख सिद्ध झाले. न्यूझीलंडांत व्हांगानुई नदीस कायद्यानें व्यक्ति ठरविणाऱ्या 'ते आवा टुपुआ' अधिनियमास राजसंमति मिळाली. आणि नैनीतालच्या उच्च न्यायालयानें गंगा व यमुना यांस व्यक्ति ठरविलें. तेव्हांपासून या दोहोंचा उल्लेख जोडीनें करण्याची चाल पडली आहे. दोन्ही लेख मुळांतून ताडून पाहतां ही जोडी आम्हांस विजोड वाटते.

व्हांगानुईच्या लेखामागें कागदांची परंपरा आहे. तिचा आरंभ १८४० च्या वायटांगीच्या तहापासून धरावा लागतो. हा तह इंग्रजी व माओरी अशा दोन पाठांत असून पाठभेद क्षुल्लक नाहीं. इंग्रजी पाठांत सरदार राणीस सार्वभौमत्व देतात. माओरी पाठांत त्या जागीं 'कावानाटांगा', म्हणजे केवळ कारभार, असा शब्द असून सरदारी अधिकार त्यांचेकडेच राखला आहे. बहुतेकांनीं सह्या केल्या त्या माओरी पाठावर! एका शब्दाच्या फेरानें वतनें कशीं जातात, हें सनदा चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पुढें आगबोटींच्या वाटेसाठीं तीरवासीयांचे वाम मासे धरण्याचे बांध उखडले गेले. १९०३ च्या कायद्यानें नौकागम्य नद्यांचें पात्र सरकारचें ठरलें. त्यावर या जमातींनीं १९३८ पासून न्यायालयांत दावा चालविला आणि १९९९ त वायटांगी न्यायाधिकरणानें त्यांचा हक्क मान्य केला. म्हणूनच अधिनियमांत नदीचे पालक दोन आहेत : एक सरकारनें सुचविलेला, दुसरा जमातींनीं. लेख निर्दोष मात्र नव्हे. पूर्वीचे खाजगी हक्क त्यानें कायम राखले. उगमाकडील पाणी वळवून वीज काढणारी टोंगारिरो योजनाही चालूच राहिली.

नैनीतालच्या निर्णयांत नद्यांच्या पावित्र्याचें वर्णन विपुल आहे. देवमूर्तीस कायद्यांत व्यक्ति मानण्याची रीत आपल्याकडे जुनीच. १९२५ त प्रिव्ही कौन्सिलानें मूर्तीच्या इच्छेचाही विचार केला होता. परंतु येथें पालक कोण? नमामि गंगे योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव व महाधिवक्ता. ज्या सरकारांच्या हयगयीवर न्यायालय रुष्ट झालें, त्यांचेच हे अधिकारी! नावाडी, मच्छीमार, वाळवंटांत कलिंगडें लावणारे, यांपैकीं एकालाही पालकांत स्थान नाहीं. महापूर आल्यास भरपाई कोणीं द्यावी, असा प्रश्न घेऊन राज्य स्वतःच सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि ७ जुलै २०१७ रोजीं निर्णयास स्थगिति मिळाली.

वादी सरकार, प्रतिवादी सरकार, पालकही सरकार. तीरावरचा हक्कदार पत्रीं कोठेंच नाहीं, हें या लेखाचें मुख्य वैगुण्य होय. गंगाकांठची तर, मच्छीमारी व वाळूपेरा यांवर कोणाचा कोणता हक्क चालत आला, याचे कागद ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं ते अवश्य प्रसिद्ध करावे.