शंभराच्या नोटेचा शब्द

आपल्या देशात सर्वाधिक हातांतून फिरणारी आखून-रेखून छापलेली वस्तू म्हणजे चलनी नोट. तिच्याकडे चित्र म्हणून पाहायला मात्र कुणी थांबत नाही. खिशातली जांभळट रंगाची शंभराची नोट काढा आणि पहिल्यांदा गांधीजींच्या उजवीकडचा बारीक मजकूर वाचा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन आहे आणि त्याखाली गव्हर्नरची सही. नोटेवरची बाकी सारी कला या एका वाक्याच्या सेवेला आहे.

ही सही करणारा पहिला भारतीय माणूस रोह्यात वाढला. चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्यात वकिली करत, त्यामुळे बालपण तिथे गेले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि जून १९४९ च्या अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या सहीच्या नोटांवर राजा सहावा जॉर्ज होता. पण दुसऱ्या महायुद्धाच्या याच काळात त्या राजाचा चेहरा वळला. आधी तो एका बाजूने दिसे, नंतर थेट समोरून पाहू लागला. कारण जपानी बनावट नोटा. त्या इतक्या हुबेहूब होत्या, की जलचिन्ह बदलावे लागले, चेहरा बदलावा लागला आणि कागदात सुरक्षा धागा भारतात पहिल्यांदा आला.

चेहराच का, हे समजून घेण्यासारखे आहे. वेलबुट्टीतली एक रेघ चुकली तर जाणकारालाच कळते. समोरून पाहणाऱ्या चेहऱ्याची पापणी किंवा ओठाची कड जराशी ढळली, तरी शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही काहीतरी खटकते. पेणच्या बाजारात पोहे-पापड विकणाऱ्या बाईला नोट पारखायला भिंग लागू नये, ही जबाबदारी कोरणाऱ्याने स्वतःच्या हातावर घेतली. माणसाचे चेहरे ओळखण्याचे उपजत कसब त्याने फसवणुकीविरुद्ध कामाला लावले, आणि मला ते फार उमदे वाटते.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आला. आधी गांधीजींचे चित्र योजले होते, तसे आराखडेही झाले. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर, आणि १९४९ ची एक रुपयाची नोट ते चिन्ह घेऊन आली. गांधीजी नोटेवर आले १९६९ साली, जन्मशताब्दीला, सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले. राजाचा चेहरा काढून लगेच दुसरा चेहरा न बसवता दगडात कोरलेले, कुणा एकाचे नसलेले चिन्ह निवडण्यात नव्या राज्याचा संयम दिसतो. आजच्या नोटेच्या मागे एका सरकारी मोहिमेचे चिन्ह आणि घोषवाक्य छापलेले आहे. मोहीम चांगली आहे, पण वचनपत्रावर घोषणा शोभत नाही, असे माझे मत आहे.

आता शंभराची नोट उलटा. ‘रानी की वाव’ या राणीच्या विहिरीच्या चित्राच्या डावीकडे अक्षरांचा एक उभा पट्टा आहे. पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली आहे. दर्शनी बाजूची हिंदी आणि इंग्रजी धरली तर सतरा. पट्टा आसामीने सुरू होतो, उर्दूने संपतो. हा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लावलेला आहे. बोलणारे किती, राज्य केवढे, साहित्य किती जुने, यातले काहीच विचारलेले नाही. संस्कृतला मानाचे पान नाही, ती पंजाबी आणि तमिळच्या मध्ये निमूट उभी आहे. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधोमध: ‘शंभर रुपये’. कुणाला मोठे अक्षर नाही, कुणाला चौकट नाही. एवढ्या चिंचोळ्या जागेत एवढ्या लिप्या, आणि तरी गर्दी जाणवत नाही! अक्षररचनेतला समानतेचा इतका शांत नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

आता डोळे मिटा आणि अंगठा फिरवा. चित्र उठावाच्या छपाईचे असल्यामुळे गांधीजींचा चेहरा बोटाला खरखरीत लागतो. कडेजवळ एक उठावदार त्रिकोण आहे, दोन्ही कडांना चार तिरप्या रेघा. दोनशेच्या नोटेला चार रेघांच्या मध्ये दोन वर्तुळे, पाचशेला वर्तुळाची खूण आणि पाच रेघा. दृष्टिहीन माणसाला रक्कम सांगणारी ही लिपी आहे, आणि डोळस माणसाच्या नजरेला ती साधी नक्षी वाटते. एकच रेघ दोघांशी दोन भाषांत बोलते. उपयोग आणि शोभा यांच्यातला सांधा इथे शोधूनही सापडत नाही.

म्हणूनच नोटांच्या आजच्या नव्या मालिकेत जे गमावले ते जास्त डाचते. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७. वीस आणि पन्नास सारख्याच, १४७ मिलिमीटर लांबीच्या, पण पन्नासची रुंदी दहा मिलिमीटरने जास्त. बोटांच्या पेरांना एवढा फरक पुरतो. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक घडी पडलेल्या, घामेजल्या नोटेवर बोटांना कळेल कसा? दहा, वीस आणि पन्नासच्या नव्या नोटांना तर उठावाची खूणच नाही. रोजच्या भाजीबाजारात फिरतात त्या याच. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ‘मणी’ नावाचे मोबाइल ॲप आणले. ते नोट ओळखून रक्कम बोलून सांगते. मदत खरी आहे, पण भर बाजारात फोन काढून नोटेसमोर धरायला लावणे आणि नोटेने स्वतःच बोटाला रक्कम सांगणे, यांत प्रतिष्ठेचा फरक आहे.

नोटेवरचे वचन धारकाला दिलेले आहे, आणि धारक न पाहणाराही असतो. पुढची मालिका आखणाऱ्यांनी लांबीतले दहा मिलिमीटरचे अंतर परत द्यावे आणि दहाच्या नोटेपासून प्रत्येक नोटेवर उठावाची खूण कोरावी.