आज्ञा, परिस्थिती आणि कर्ता : 'द ल्युसिफर इफेक्ट'मधील अबू गरेब-मीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना :
बगदादजवळच्या अबू गरेब तुरुंगात २००३ च्या अखेरीस अमेरिकी सैनिकांनी इराकी कैद्यांचा जो छळ केला, त्याची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये जगासमोर आली. त्यानंतरच्या खटल्यांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. वरिष्ठांची इच्छा वा आज्ञा पाळणाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी किती? सामाजिक मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी आरोपी स्टाफ सार्जंट आयव्हन फ्रेडरिक याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि २००७ मध्ये 'द ल्युसिफर इफेक्ट' या ग्रंथात आपली भूमिका विस्ताराने मांडली. प्रस्तुत लेखात त्या भूमिकेचे मर्म व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

परिस्थितीवादी मांडणी :
ग्रंथाचा पाया म्हणजे १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोग. दोन आठवड्यांसाठी योजलेला हा प्रयोग पहारेकऱ्यांच्या क्रौर्यामुळे सहा दिवसांतच थांबवावा लागला. आपल्याकडील दृष्टान्ताने सांगायचे तर दोष एखाद्या नासक्या आंब्याचा नसून आढीचा आहे, असा झिंबार्डो यांचा निष्कर्ष आहे. 'मोजक्या सैनिकांचे गैरवर्तन' या सरकारी स्पष्टीकरणाला त्यांनी दिलेले हे उत्तर मोलाचे आहे. सप्टेंबर २००३ मध्ये जनरल रिकार्डो सांचेझ यांनी इराकमधील चौकशीसाठी ज्या पद्धतींना लेखी मान्यता दिली, त्यांत कैद्यांना वाटणाऱ्या कुत्र्यांच्या भीतीचा उपयोग करणेही होते. फ्रेडरिकला आठ वर्षांची शिक्षा झाली. याउलट, या प्रकरणात लष्करी न्यायालयापुढे उभा राहिलेला एकमेव अधिकारी, लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन, २००७ मध्ये छळाशी संबंधित आरोपांतून मुक्त झाला. ही विषमता झिंबार्डो यांच्या मांडणीला बळ देते.

मांडणीच्या मर्यादा :
तथापि, त्याच आढीतील सर्व आंबे नासले नाहीत. मेजर जनरल अँटोनिओ टगुबा यांच्या चौकशी अहवालात विल्यम किम्ब्रो या नौदलातील श्वान-हाताळणाऱ्याचा गौरवपूर्ण उल्लेख आहे. गुप्तवार्ता विभागाचा दबाव असतानाही त्याने गैर चौकशीत भाग घेण्यास नकार दिला. जोसेफ डार्बी या सैनिकाने जानेवारी २००४ मध्ये छायाचित्रे तपास यंत्रणेकडे सोपविली. झिंबार्डो डार्बीला 'नायक' म्हणून गौरवितात. पण नायक हा अपवाद मानला की नकार देणे हे सामान्य माणसाचे कर्तव्य उरत नाही. १९५० मध्ये सूत्रबद्ध झालेल्या न्युरेंबर्ग तत्त्वांनुसार, नैतिक निवड प्रत्यक्षात शक्य असेल तर आज्ञापालनाची सबब जबाबदारीतून सोडवीत नाही. अबू गरेबमध्ये अशी निवड शक्य होती, याचा पुरावा किम्ब्रोच्या नकारात आहे.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. 'सैनिकांनी छळ केला' या वाक्याला कर्ता आहे. 'परिस्थितीमुळे छळ झाला' या वाक्यातून तो नाहीसा होतो. समर्थन व स्पष्टीकरण यांत भेद आहे, असे झिंबार्डो स्वतः बजावतात. तरीही 'परिस्थिती' व 'व्यवस्था' या संज्ञाच त्यांच्या विवेचनात हळूहळू कर्त्याची जागा घेतात. वस्तुतः परिस्थितीही कोणीतरी घडविलेली असते. २०१८ मध्ये पुढे आलेल्या ध्वनिमुद्रणात स्टॅनफर्ड प्रयोगातील तुरुंगाधिकारी एका पहारेकऱ्याला अधिक कठोर होण्यास सांगताना ऐकू येतो. म्हणजे ज्या प्रयोगावर ग्रंथ उभा आहे, तेथेही केवळ परिस्थिती नव्हती. सूचना देणारा माणूस होता.

समारोप :
जबाबदारी ही वाटणी करून कमी होणारी वस्तू नाही. मान्यतापत्रावर सही करणाऱ्याचा दोष सिद्ध झाल्याने छळ करणाऱ्याचा दोष घटत नाही आणि शिपायाला शिक्षा झाल्याने वरिष्ठ निर्दोष ठरत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने सीएसीआय या कंत्राटदार कंपनीला तीन इराकी कैद्यांना ४ कोटी २० लाख डॉलर देण्यास जबाबदार ठरविले. आपले कर्मचारी लष्कराच्या नियंत्रणाखाली होते, हा कंपनीचा बचाव ज्यूरीने मान्य केला नाही. शिपाई आज्ञेकडे, कंपनी लष्कराकडे आणि अभ्यासक परिस्थितीकडे बोट दाखवितो, तेव्हा ज्याचा छळ झाला त्याला उत्तर देणारा कोणीच उरत नाही. झिंबार्डो यांचा ग्रंथ आढीकडे लक्ष वेधतो, हे त्याचे श्रेय. आढी घालणाऱ्याचे आणि किम्ब्रोप्रमाणे नकार देऊ न शकलेल्याचे, दोघांचेही उत्तरदायित्व तो पुरेसे ठामपणे मांडीत नाही, ही त्याची उणीव होय.