सोंग आणि सन्मान : ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील खटला

राजकीय उपहासाची कविता न्यायालयात वाचली जाऊ लागली, की तिचा मूळ प्रश्न बाजूला पडण्याचा संभव असतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेबाबत असेच घडले. १९८६ च्या गांधीजयंतीस प्रसिद्ध झालेली ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत नियतकालिकात पुनर्मुद्रित झाली आणि लातूर येथे गुन्हा नोंदविला गेला. समाजगटांत वैर पसरविल्याचा आरोप २००१ मध्ये गळाला. उरला तो भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खालील अश्लीलतेचा. राजकीय आशयाची कविता अशा रीतीने शब्दांच्या सभ्यासभ्यतेवर तोलली जाऊ लागली.

या कवितेतील ‘गांधी’ निरनिराळ्या सोंगांत भेटतो आणि त्या नावाला न शोभणारी भाषा बोलतो. ही भाषा गांधी या व्यक्तीची नव्हे. ते नाव वापरून वापरून झिजविणाऱ्या समाजाची आहे. नाव आणि वाणी यांतील विसंगती हेच येथील उपरोधाचे केंद्र होय. सोंग आणि सोंग घेणारा हे दोन असतात, हे एकनाथांच्या भारुडांवर पोसलेल्या मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही.

नाव प्रतीक म्हणून योजले जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानी होते. तरीही, असे प्रतीक अश्लील शब्द बोलत असेल तर समकालीन समाजमान्यतेची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे १४ मे २०१५ च्या निकालात म्हटले गेले. नाव जितके वंद्य तितका उपरोध तीव्र, आणि या कसोटीनुसार तितकाच आरोपही गंभीर. उपहासाचे जे सामर्थ्य, तेच त्याच्या विरोधातील प्रमाण ठरले. पूर्वीच क्षमायाचना केलेले प्रकाशक आणि मुद्रक आरोपमुक्त झाले; कवीने मात्र आपली बाजू कनिष्ठ न्यायालयात मांडावी, असे ठरले.

फ्रान्समध्ये बेरांजे या गीतकाराला १८२१ आणि १८२८ साली उपहासगीतांपायी कारावास घडला. तेथे राजसत्ता स्वतःचाच मान राखीत होती. येथे शासन दिवंगत महात्म्याच्या मानाचे रक्षक म्हणून उभे राहिले, आणि ते नाव कोणी झिजविले हा कवितेचा प्रश्न अनुत्तरित राहिला. म्हणूनच या खटल्याचा विचार अभिव्यक्तिस्वातंत्र्यापाशी थांबविणे अपुरे आहे. कवितेत बोलतो तो कोण, हे निश्चित करण्याची जबाबदारी समीक्षेची आहे.