उंबरठ्याच्या आतली चळवळ

राजूरच्या आमच्या वाचनमंडळात एक कार्यकर्ता म्हणाला, 'माझी बायको माझ्याच विचारांची आहे.' बायको मात्र बैठकीला नव्हती. मला बेबीताई कांबळे आठवल्या. आंबेडकरी जाणिवेतून लिहिलेले आत्मकथन फलटणच्या या बाईने नवऱ्यापासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पळू पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला खोडा त्यात आहे. सवर्णांचा जुलूम दाखवणारी लेखणी आपल्या घरालाही सोडत नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण.

नवरा-बायकोचे मत एक आहे, एवढ्याने विचार पोचला असे ठरत नाही. ती एकवाक्यता धाकाचीही असू शकते. बायकोला वेगळे मत उघड मांडता यावे आणि नवऱ्याने त्यावरून स्वतःला तपासावे, तेव्हाच चळवळ उंबरठा ओलांडते. कार्यकर्त्याला मी एवढेच म्हणालो, 'पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन या. बोलू द्या. तुम्ही ऐका.'