पडद्यावरून आलेला दगड

माहूरच्या डोंगरावर रेणुकादेवीच्या दर्शनास जाणारा भाविक पायऱ्या चढून गाभाऱ्यापाशी पोहोचतो, तेव्हा हात, पाय, आयुधे, वाहन असा मूर्तीचा नेहमीचा पसारा त्याच्यापुढे नसतो. तेथे असते ते केवळ मुख. त्यास ‘तांदळा’ म्हणतात. शेंदराने माखलेला भव्य चेहरा आणि त्या चेहऱ्यातले डोळे. साडेतीन शक्तिपीठांत गणल्या जाणाऱ्या या स्थानी नवरात्रात लोटणारी गर्दी त्या मुखापुढच्या एका क्षणासाठी तासन्‌तास रांगेत तिष्ठते. परतताना कोणी ‘देवी पाहिली’ असे म्हणत नाही. ‘दर्शन झाले’ असे म्हणतो. या व्यवहारात पाहणारा एकटाच पाहत नसतो. समोरूनही आपल्याकडे पाहिले जात आहे, अशी त्याची धारणा असते. आमची उपासना निराळी असली तरी ‘दर्शन’ या शब्दातील ही दुहेरी दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. आणि चित्रपटासारख्या सर्वस्वी पाहण्यावर उभ्या असलेल्या कलेची पारख करतानाही ती उपयोगी पडते.

आपल्याकडील चित्रपटाचा उगमच मुळी दर्शनाच्या ओढीत आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) ही परंपरा कळसास नेली. दामले-फत्तेलाल यांनी त्यात तुकोबांना विमानात बसवून वैकुंठास नेले. पण जिजाईला मात्र मुलाबाळांसह जमिनीवरच ठेवले. छायाचित्रणाच्या करामतीने साधलेला चमत्कार आणि घरातील रोजची भाकर एकाच चित्रपटात सामावल्यामुळे भक्ती आणि संसार यांतील ताण शब्दांवाचून कळतो. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांपुढे प्रेक्षकांनी हात जोडले, यात नवल नाही.

तथापि पडद्यावरील प्रतिमेत आणि गाभाऱ्यातील मुखात एक भेद आहे. पडदा आपल्याकडे पाहत नाही. प्रेक्षक अंधारात, आपल्या खुर्चीत सुरक्षित असतो. दुसऱ्याचे दुःख पाहून तो डोळे पुसतो आणि घरी जातो. मग चित्रपटाने प्रेक्षकाकडे उलटून पाहावे, असे कधी घडू शकते काय? आमच्या मते नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने हे घडवून आणले. हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. पदार्पणातील दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला, आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलास बालकलावंताचा. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. येथे आम्हांस कथा सांगायची नसून ती कशी दाखविली आहे, याकडे लक्ष वेधायचे आहे.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा गावकुसाबाहेरील कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. वर्गातील शालू त्याला आवडते. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल, अशी त्याची समजूत. म्हणून हातात गलोल घेऊन तो झुडपांतून त्या पाखराच्या मागे हिंडतो. उलटपक्षी गावाची त्याच्या घराकडून अपेक्षा एकच : त्यांनी डुकरे धरावीत. एका बाजूस आकाशात उडणारे, हाती न लागणारे पाखरू. दुसऱ्या बाजूस मातीत लोळणारे, पाठ न सोडणारे जनावर. या दोन प्रतिमांच्या मध्ये त्या मुलाचे सारे आयुष्य सापडले आहे, आणि हे कोणत्याही पात्रास बोलून दाखवावे लागत नाही.

आता नजरेचा हिशेब पाहू. जब्या शालूकडे सतत पाहतो. वर्गातून, रस्त्यातून, दुरून. तिची नजर मात्र त्याच्यावर ठरत नाही. ती अखेर ठरते ती कधी? जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावत असते आणि सारा गाव मौज पाहावयास जमतो तेव्हा. त्या गर्दीत वर्गमित्र आहेत आणि शालूही आहे, ती हसते. जब्या जिच्या दृष्टीस पडावे म्हणून झुरत होता, तिच्या दृष्टीस तो पडतो तो असा! दर्शनाची ही क्रूर उलटापालट आहे.

या पाठलागात कॅमेरा कोठे उभा आहे, हेही पाहण्याजोगे आहे. कधी तो जब्याच्या अगदी जवळ आहे; लपू पाहणाऱ्या, बापाचा मार खाणाऱ्या मुलाची लाज आपल्याला जाणवते. कधी तो दूर, बघ्यांच्या बाजूस जातो, आणि तेथून तीच धावपळ गमतीची दिसू लागते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरची माणसेही थबकतात. आणि डुक्कर निसटते. ज्या राष्ट्राने त्यांना बरोबरीचे स्थान देण्याचे वचन दिले, त्याचा मान ती माणसे भुकेच्या धंद्यातही राखतात. एकाही वाक्यावाचून केवढे भाष्य!

पुढे मेलेले डुक्कर बांबूला बांधून नेताना शाळेची भिंत लागते. तीवर डॉ. आंबेडकर, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली आहेत. कोणी त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही. कॅमेराही तेथे थांबून बोट दाखवीत नाही. ओझे जसे पुढे जाते तशी भिंत मागे पडते. हे दृश्य फार उघड आहे, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो मान्य नाही. आपण थोर माणसे भिंतीवर रंगवितो आणि त्यांच्याच सावलीत जुने व्यवहार चालू ठेवतो. भिंत तेथे असणे हे कल्पनेचे नसून नित्याचे आहे.

मग येतो तो दगड. टवाळी असह्य होऊन जब्या दगड भिरकावू लागतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. पडदा काळा होतो. आरंभी ज्या हाताने पाखरावर नेम धरला होता, त्याच हाताने आता आपल्यावर धरला आहे. क्रुसाच्या वाटेवर कडेला उभी असलेली गर्दी आपण चित्रांतून पाहत आलो. येथे त्या गर्दीतील एक चेहरा आपला आहे, हे ध्यानात येते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) याच ठिकाणी निराळ्या वाटेने पोहोचतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटला दाखविताना कॅमेरा बहुधा दूर, निश्चल उभा असतो. उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात. कॅमेरा मात्र त्या अंधाऱ्या दालनात थांबतो. तेथे कोणी कोणाला मारीत नाही. केवळ कोणी कोणाकडे पाहत नाही. ‘फँड्री’चा अंधार आपल्यावर आदळतो, ‘कोर्ट’चा अंधार साचत जातो.

‘फँड्री’त उणीव नाही असे नव्हे. शालू ही दुरून दिसणारी आकृतीच राहते. जब्याच्या दृष्टीने ते खरे असले तरी त्या मुलीच्या मनात काय आहे, हे जाणून घेण्यास दिग्दर्शक थांबत नाही. स्वतः मंजुळे यांनी रंगविलेला चंक्याही अर्धवट गूढतेत ठेवला आहे.

आज हे चित्रपट घरोघरी मोबाइलवरही पाहता येतात, आणि त्याच मोबाइलने रस्त्यावर पडलेल्या माणसाचे चित्रणही केले जाते. म्हणून आमची पालकांस सूचना एवढीच : मुलांसोबत बसून चित्रपट पाहा, आणि तो संपल्यावर ‘कसा वाटला?’ असे विचारू नका. ‘कॅमेरा कोणाच्या बाजूस उभा होता, आणि आपण हसलो तेव्हा आपण कोठे उभे होतो?’ असे विचारा. उत्तर द्यावयास मुले थोडा वेळ घेतील. तो वेळ त्यांना द्या.