फॅसिझम आणि भांडवलदार वर्गाचे हितसंबंध : जर्मनीच्या संदर्भात एक चिकित्सा

फॅसिझम म्हणजे वित्त भांडवलातील सर्वाधिक प्रतिगामी गटांची उघड दहशतवादी हुकूमशाही, अशी व्याख्या दिमित्रोव्ह यांनी १९३५ मध्ये कॉमिन्टर्नच्या सातव्या अधिवेशनात मांडली. डाव्या विचारविश्वात ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्या दुसऱ्या टोकाला हेन्री ॲशबी टर्नर यांचा १९८५ मधील ग्रंथ आहे. बड्या उद्योगपतींनी पैसा पुरवून हिटलरला सत्तेवर आणले, हा समज टर्नर यांनी कागदपत्रांच्या आधारे खोडून काढला. १९३३ पूर्वी नाझी पक्षाचा खर्च प्रामुख्याने सदस्यांच्या वर्गणीवर आणि सभांच्या प्रवेशशुल्कावर चालत असे. फ्रित्स थिसेन यांच्यासारखे उघड पाठीराखे अपवादच होते. हे खंडन मान्य करावेच लागते.

परंतु पैसा कोणी दिला, हा हिशेबनिसाचा प्रश्न झाला. वर्गीय हितसंबंध तेवढ्यात मावत नाहीत. १९२८ च्या नोव्हेंबरात रूर खोऱ्यातील पोलादमालकांनी वेतनाबाबतचा सरकारी लवादाचा निवाडा धुडकावून दोन लाखांहून अधिक कामगारांसाठी कारखान्यांची दारे बंद केली. त्या वेळी हिटलर सत्तेच्या आसपासही नव्हता. कामगार संघटनांना मान्यता देणारी वायमार प्रजासत्ताकाची चौकट या मालकांना नकोशी झाली होती, एवढे त्यावरून स्पष्ट होते. पुढे २० फेब्रुवारी १९३३ रोजी गोअरिंगच्या निवासस्थानी हिटलरने उद्योगपतींना लोकशाहीत खाजगी उद्योग टिकू शकत नाही असे सांगितले आणि त्यानंतर निवडणूक निधी उभा राहिला. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. जानेवारी १९३४ च्या कायद्याने मालक हा कारखान्याचा 'नेता' आणि कामगार त्याचे 'अनुयायी' ठरले. मालकांना हवे होते ते असे पदरात पडले.

मात्र येथे दिमित्रोव्ह यांची व्याख्याही अपुरी पडते. १९३७ मध्ये रूरच्या पोलादमालकांचा विरोध डावलून गोअरिंगने झाल्ट्सगिटर येथे सरकारी पोलाद उद्योग उभारला; खुद्द थिसेन यांना १९३९ मध्ये देश सोडावा लागला. टिमोथी मेसन यांनी मांडलेली 'राजकारणाच्या प्राधान्या'ची कल्पना अशाच घटनांवर आधारलेली आहे. त्याहीपूर्वी, १९३० मध्ये, ऑगस्ट थालहायमर यांनी मार्क्सच्या बोनापार्टवादाच्या विवेचनाच्या आधारे सांगितले होते की, आपली सामाजिक सत्ता वाचविण्यासाठी भांडवलदार वर्ग राजकीय सत्ता दुसऱ्याच्या हाती सोपवितो. उपलब्ध मांडणींपैकी हीच सर्वाधिक समाधानकारक वाटते. थालहायमर मात्र तोवर कम्युनिस्ट पक्षातून बाहेर काढले गेले होते आणि पक्ष सोशल डेमोक्रॅटांनाच 'सामाजिक फॅसिस्ट' म्हणण्यात गुंतला होता. सिद्धांतातील या चुकीची किंमत दोन्ही पक्षांच्या कामगारांनी एकाच तुरुंगात मोजली.

राजकारणाचे प्राधान्य मान्य केल्याने भांडवलाची जबाबदारी मात्र कमी होत नाही. आयजी फारबेनने १९४१ पासून आउश्वित्झजवळ कृत्रिम रबराचा कारखाना उभारताना छळछावणीतील कैद्यांना कामाला जुंपले आणि त्यांच्या श्रमाचे रोजंदारीचे पैसे एसएसला चुकते केले.